वक्तृत्व क्लबात नाव घालण्याआधी मूल्यमापन ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की ‘सात दिवसांत स्टेज डेअरिंग’, ‘दहा तासांत प्रभावी वक्ता’ अशा जाहिराती आपल्या दैनिकासह सगळीकडे दिसू लागतात. वर्ग चालवणाऱ्यांशी आमचे भांडण नाही; त्यांत मनापासून शिकवणारे लोक आहेत. पण बोलणे सात दिवसांत येत नाही. ते येते लोकांसमोर उभे राहून, काय जमले आणि काय फसले हे त्याच दिवशी कुणाकडून तरी नेमके ऐकून, आणि काही आठवड्यांनी पुन्हा उभे राहून. अशी सोय पुण्या-मुंबईत आणि आता इतर मोठ्या शहरांतही कमी खर्चात उपलब्ध आहे. टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या संस्थेचे क्लब त्यासाठीच चालतात. नाव बहुतेकांनी ऐकलेले असते, पण दाराशी जाऊन परत फिरणारे पुष्कळ. नाव घालून दुसरे भाषण होण्याआधीच गळणारेही पुष्कळ. दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र यावी, म्हणून हे पत्र.

राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता अ‍ॅना गावी, वायएमसीए या युवक संघटनेच्या इमारतीच्या तळघरात ही पद्धत सुरू केली. आज संस्थेचे मुख्यालय कोलोरॅडो राज्यातील एंगलवूड येथे आहे. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही सभासद होता येते. १९७३पर्यंत मात्र स्त्रियांना दार बंद होते. हेलन ब्लँचर्ड यांनी १९७०मध्ये ‘होमर’ या पुरुषी नावाने नोंदणी करून प्रवेश मिळवला, आणि पुढे १९८५मध्ये त्याच संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. ‘तिथे आपल्यासारख्या बाईला कोण विचारणार’ असे वाटणाऱ्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे.

या क्लबांत शिक्षक नसतो. पगारी कुणीच नसते. सभासदच बोलतात, सभासदच वेळ मोजतात आणि सभासदच एकमेकांच्या भाषणाचे मूल्यमापन करतात. म्हणून क्लब चांगला की वाईट हे तिथल्या भाषणांवरून ठरत नाही. भाषणे नवशिक्यांची असतात, ती कच्चीच असणार. क्लबाची खरी परीक्षा मूल्यमापनात होते, कारण आपण पैसे भरतो आणि संध्याकाळ मोडतो ती त्या दोन-तीन मिनिटांसाठी.

महाराष्ट्राला व्याख्यानांची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला वक्तृत्वोत्तेजक सभा आजही चालवते. या परंपरेने आपल्याला ऐकायला उत्तम शिकवले. बोलायला शिकण्याची जागा मात्र शाळा-कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेपुरती राहिली, आणि तिथे परीक्षक गुण देऊन उठतात. ढाल कुणाला मिळाली ते कळते; आपले चौथे मिनिट का पडले ते सहसा कळत नाही. पाठ केलेले भाषण, ठरलेले हातवारे, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ने सुरुवात, हे सगळे तिशी-चाळिशीपर्यंत अंगात मुरून राहते. मग ऑफिसात प्रेझेंटेशन देताना, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मुद्दा मांडताना, लेकीच्या लग्नात चार शब्द बोलताना पंचाईत होते.

आता क्लब कसा शोधायचा ते. संस्थेच्या संकेतस्थळावर ‘फाइंड अ क्लब’ असे पान आहे. तिथे शहर किंवा पिन कोड टाकला की जवळचे क्लब, सभेचा वार, वेळ आणि भाषा दिसते. सभा प्रत्यक्ष होते की ऑनलाइन हेही लिहिलेले असते. यादी पाहताना एक गोष्ट आवर्जून तपासा: क्लब सर्वांसाठी खुला आहे की फक्त एखाद्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी. हिंजवडी, ऐरोलीसारख्या भागांत यादीत ठिपके पुष्कळ दिसतील, पण कंपनीचे क्लब असतील तर तिथे बाहेरच्या माणसाला गेटवरच अडवतात. दुसरे म्हणजे, यादीतला पत्ता जुना असू शकतो. भाड्याचा हॉल सुटला, शाळेने वर्ग द्यायचा बंद केला, की सभा दुसरीकडे जाते आणि संकेतस्थळावर बदल करायचे राहून जाते. म्हणून तीन-चार दिवस आधी दिलेल्या क्रमांकावर किंवा ई-मेलवर ‘पाहुणा म्हणून येऊ का, सभा कुठे आहे’ एवढे विचारून घ्या. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर तीही क्लबाबद्दलची माहितीच समजा.

पाहुण्यांना शुल्क नसते. कुणी पहिल्याच भेटीत पैसे मागितले तर निमूटपणे दुसरा क्लब पाहा. दहा-पंधरा मिनिटे आधी पोचा. दारात सार्जंट अ‍ॅट आर्म्स या पदावरचा सभासद भेटेल. तो वहीत नाव लिहून घेतो, कार्यक्रमपत्रिका देतो आणि बसायला जागा दाखवतो. दोन्ही बाजूंना सभासद असतील अशी खुर्ची घ्या, म्हणजे काय चालले आहे ते कुजबुजत विचारता येते. पत्रिकेवर प्रत्येक भूमिकेपुढे नाव आणि मिनिटे छापलेली असतात. ती जपून ठेवा, पुढे हिशेबाला लागेल.

सभा साधारण दीड ते दोन तासांची. अध्यक्ष सुरुवात करतात आणि त्या दिवसाच्या सूत्रसंचालकाकडे, म्हणजे टोस्टमास्टर ऑफ द डेकडे, सूत्रे देतात. नवख्याच्या डोळ्यात पहिली भरणारी गोष्ट म्हणजे हस्तांदोलन. पुढचा वक्ता येऊन हात मिळवेपर्यंत आधीचा माणूस जागा सोडत नाही. व्यासपीठ रिकामे ठेवायचे नाही असा दंडक आहे. मग वेळ मोजणारा टायमर, बोलण्यातले ‘अं’सारखे भरीचे शब्द मोजणारा आह-काउंटर आणि भाषेच्या वापराकडे लक्ष देणारा ग्रामेरियन आपापले काम थोडक्यात समजावून सांगतात. दोन-तीन तयार भाषणे, उत्स्फूर्त बोलण्याचा टेबल टॉपिक्सचा भाग, भाषणांची मूल्यमापने, अहवाल, शेवटी जनरल इव्हॅल्युएटरचे संपूर्ण सभेबद्दलचे मत आणि पाहुण्यांना दोन शब्द, असा ढोबळ क्रम. क्लबागणिक तो थोडा मागेपुढे होतो.

वेळेचा नियम समजून घ्या, कारण सगळी शिस्त त्यावर उभी आहे. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाच मिनिटे झाली की हिरवे कार्ड, सहाला पिवळे, सातला लाल. अलीकडे-पलीकडे तीस सेकंदांची सवलत असते. साडेचारच्या आत संपवले किंवा साडेसात ओलांडली तर सभेतल्या उत्तम वक्त्यासाठी त्या दिवशी होणाऱ्या मतदानातून नाव बाद होते, आणि स्पर्धेत तर थेट अपात्र. मूल्यमापनाला दोन ते तीन मिनिटे, टेबल टॉपिक्सला एक ते दोन. ऑनलाइन सभेत टायमर आपल्या चौकटीची पार्श्वभूमीच त्या रंगाची करतो. नवीन वक्ता वेळ दोन प्रकारे चुकवतो. घरी मोबाइल लावून सहा मिनिटांचे बसवलेले भाषण घाबरल्यामुळे सव्वाचारात संपते, किंवा लोक हसले म्हणून मध्येच एक न ठरवलेली गोष्ट घुसते आणि समारोप लाल कार्डाखाली चिरडतो. पहिल्यावर उपाय म्हणजे ठरवून थांबण्याच्या जागा कागदावर आखून ठेवणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे पिवळे कार्ड दिसताच, जिथे असाल तिथून, समारोपाकडे वळणे.

टेबल टॉपिक्समध्ये विषय आयत्या वेळी मिळतो. पाहुण्यालाही ‘बोलणार का’ असे विचारतात. ‘आज फक्त बघतो’ म्हटले तर कुणी आग्रह धरू नये. धरला तर तो क्लब चुकतो आहे. पण शक्य असेल तर उभे राहाच, कारण स्वतः बोलल्याशिवाय त्या खोलीतले वातावरण कळत नाही. समजा विषय आला ‘पावसात अडकलेली संध्याकाळ’. नवखा माणूस पहिली वीस-पंचवीस सेकंदे विषयच उलटसुलट करून सांगतो, मग पाऊस चांगला की वाईट यावर सर्वसाधारण विधाने करतो आणि चाळीस सेकंदांत कोरडा पडतो. त्याऐवजी तीन सेकंद गप्प उभे राहा, एकच प्रसंग डोळ्यांसमोर आणा, आणि जागा, वेळ व सोबतचा माणूस यांपासून सुरू करा: दादर स्टेशन, रात्रीचे नऊ, शेजारी ओळख नसलेल्या एक आजी. प्रसंग स्वतःच मिनिट भरून काढतो. हिरवे कार्ड दिसले आणि प्रसंग संपला, की थांबा. ‘तर अशा प्रकारे मला असे म्हणायचे आहे की’ हे शेपूट जोडू नका.

आह-काउंटरकडे लोक गंमत म्हणून पाहतात, पण मराठीत त्याचे काम मोठे आहे. आपली भर टाकण्याची सवय फक्त ‘अं’पुरती नसते. ‘म्हणजे’, ‘काय होतं की’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘बरं का’, ‘ओके’, दर वाक्याच्या तोंडी ‘तर’, हे सगळे मोजायचे असते. काही ठिकाणी प्रत्येक चुकीला घंटी वाजवतात. ती पद्धत आम्हाला मान्य नाही. बोलणाऱ्याचे लक्ष विचारावरून उडते आणि घंटीवर बसते. शेवटी कागदावरून ‘सात वेळा म्हणजे, चार वेळा तर’ एवढे सांगितले की पुरते. भर टाळायची तर ती गिळून चालत नाही. तिच्या जागी पूर्ण शांतता ठेवावी लागते, आणि ती शांतता बोलणाऱ्याला वाटते त्याच्या निम्मीही लांब नसते.

आता मूल्यमापन. इथे पेन काढून बसा. वाईट मूल्यमापन ओळखणे सोपे आहे: ‘खूप छान बोललात, आत्मविश्वास होता, आवाज चांगला होता, डोळ्यांत बघून बोलायचा अजून प्रयत्न करा, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ हे वाक्य कुठल्याही भाषणाला चिकटवता येते, म्हणजे मूल्यमापकाने हे भाषण ऐकलेच नाही. दुसरा वाईट प्रकार म्हणजे मूल्यमापक स्वतःचेच भाषण सुरू करतो, विषयावरचे आपले मत सांगतो. तिसरा त्याहून घातक. मूल्यमापक उच्चारांवर घसरतो आणि गावाकडून आलेल्या माणसाचा ‘न’ आणि ‘ण’ चार लोकांत काढतो. तो माणूस पुन्हा येत नाही.

चांगले मूल्यमापन कसे असते ते नमुन्यादाखल लिहितो. समजा भाषण होते मंडईत हिशेब कसा शिकलो यावर. मूल्यमापक म्हणतो: ‘भाजीवाल्या मावशी वजन कसं करायच्या ते तुम्ही हाताने तराजू धरून दाखवलंत, तेव्हा मागच्या रांगेतले लोकही पुढे वाकले. ती जागा भाषणाचा जीव आहे. पण ती आली दीड मिनिटानंतर; तोवर तुम्ही हा विषय का निवडला तेच सांगत होता. ते काढा आणि थेट तराजूपासून सुरू करा. वाचलेला वेळ शेवटाला द्या, कारण लाल कार्ड पाहून तुम्ही शेवटची दोन वाक्यं एका दमात म्हटलीत आणि मावशींनी दिलेला सल्ला मला नीट ऐकूच आला नाही.’ यात काय आहे ते पाहा. नेमकी जागा आहे, तिचा ऐकणाऱ्यांवर झालेला परिणाम आहे, आणि पुढच्या वेळी काय करायचे ते आहे. सुधारणा दोनच आहेत, आणि त्या माणसाला घरी जाऊन लगेच करता येण्यासारख्या आहेत. अडीच मिनिटांत याहून जास्त सुधारणा सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

चांगला मूल्यमापक भाषणाआधी वक्त्याशी दोन मिनिटे बोलतो, ‘आज काय सुधारायचा प्रयत्न आहे’ ते विचारतो. भाषण चालू असताना त्याची मान सारखी कागदात नसते. तोंडी बोलण्याशिवाय तो एक छापील फॉर्मही भरून देतो, त्यात प्रत्येक बाबीला एक ते पाच असे गुण असतात. सभा संपल्यावर एखाद्या सभासदाला मिळालेला फॉर्म दाखवायची विनंती करा. त्यात सगळीकडे पाच आणि टिप्पणीची जागा कोरी असेल, तर त्या क्लबात लोक एकमेकांना खूश ठेवतात, शिकवत नाहीत. सभा संपल्यावर वक्ता आणि मूल्यमापक कोपऱ्यात उभे राहून बोलत असतील, वक्ता मोबाइलमध्ये काही टिपून घेत असेल, तर क्लब जिवंत आहे असे खुशाल समजा.

निदान दोन-तीन क्लब पाहा, आणि आवडलेल्या क्लबात नाव घालण्याआधी दुसऱ्यांदा जा. पहिल्या वेळी पाहुणचार दिसतो, दुसऱ्या वेळी रोजचा कारभार. दोन सभांच्या पत्रिका शेजारी ठेवा. तीच चार नावे सगळ्या भूमिकांत फिरताहेत का? छापलेली नावे खोडून आयत्या वेळी दुसरी लिहिली आहेत का? एखाद-दुसरा बदल चालतो, पण अर्धी पत्रिका बदललेली असेल तर तयारी न करता येणाऱ्यांचा तो क्लब आहे, आणि तुमच्या भाषणाचा मूल्यमापकही असाच ऐनवेळी धरून आणलेला असेल.

मग एक साधा हिशेब करा, जो क्वचितच कुणी करतो. क्लबात पंचवीस सभासद आहेत, महिन्याला दोन सभा आणि प्रत्येक सभेत दोन भाषणे. म्हणजे महिन्याला चार. सगळे बोलायला उत्सुक असतील तर तुमची पाळी सहा महिन्यांनी येणार! त्याउलट पंधरा सभासद, दर आठवड्याला सभा आणि तीन भाषणे असतील तर महिना-सव्वा महिन्यात पाळी येते. मोठा, गजबजलेला, बक्षिसे मिळवलेला क्लब नवशिक्याला भुलवतो, पण शिकायला लहान आणि नियमित क्लब बरा. फार लहानही नको. चांगल्या स्थितीत गणले जायला क्लबाला किमान आठ सभासदांचे शुल्क भरलेले असावे लागते, आणि जेमतेम तेवढेच असलेला क्लब पुढच्या नूतनीकरणात टिकेलच असे नाही. ‘नवीन सभासदाला पहिले भाषण किती दिवसांत मिळते?’ हा प्रश्न व्हीपी एज्युकेशन या पदावरच्या व्यक्तीला विचारा, कारण भाषणांचे वेळापत्रक त्यांच्या हातात असते. महिन्याच्या आतली तारीख मिळाली तर उत्तम.

पैशांबद्दल गैरसमज फार आहेत. ऑक्टोबर २०२३पासून मुख्यालयाचे शुल्क सहा महिन्यांना ६० डॉलर आहे, आणि पहिल्यांदा नाव घालताना एकदाच २० डॉलर नवागत शुल्क. याशिवाय हॉलचे भाडे, छपाई, चहा यासाठी क्लब आपली वेगळी वर्गणी घेतो, ती क्लबागणिक बदलते. सहामाही मात्र तुमच्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजत नाहीत. ती एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी ठरलेली आहे. ऑगस्टमध्ये नाव घातले तर ऑगस्ट-सप्टेंबरपुरतेच प्रमाणशीर शुल्क लागते, पण सप्टेंबर संपताना पुढच्या पूर्ण सहामाहीचे मागितले जाते. ‘आत्ताच तर भरले, पुन्हा कसले?’ हा वाद इथूनच होतो. म्हणून खजिनदाराकडून लेखी घ्या: मुख्यालयाला किती, क्लबाला किती, कुठल्या महिन्यापर्यंत. सप्टेंबर आणि मार्चच्या अखेरीस क्लबांना सभासदसंख्येची घाई असते, कारण क्लबाच्या वार्षिक मानांकनात वीस सभासदांचा आकडा महत्त्वाचा असतो. त्या आठवड्यांत कुणी ‘आजच फॉर्म भरा’ म्हणाले तर ‘पुढच्या सभेला येऊन सांगतो’ म्हणण्यात काही गैर नाही. पुढे क्लब बदलावासा वाटला तर बदलता येतो, आणि नवागत शुल्क पुन्हा लागत नाही.

फॉर्म भरल्यावर क्लबाचे सभासद प्रवेशाला मान्यता देतात आणि मुख्यालयाकडून ई-मेल येतो. ‘पाथवेज’ नावाचा अभ्यासक्रम ऑनलाइन उघडतो, त्यात आपल्या गरजेचा मार्ग निवडायचा. प्रत्येक मार्गात पाच पातळ्या असतात. मार्ग निवडण्यात आठवडे घालवू नका. पहिल्या पातळीवरचे काम जवळपास सारखेच असते. पहिले भाषण ‘आइसब्रेकर’, चार ते सहा मिनिटांचे, स्वतःची ओळख करून देणारे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बायोडेटा. जन्मगाव, शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, दोन मुले, छंद वाचन. सहा मिनिटे संपतात आणि माणूस कळत नाही. एकच धागा धरा: घरातला एखादा व्यवसाय, एक बदललेली नोकरी, एखादी शिकलेली कला. मराठीत सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे लिहून काढलेला मजकूर पाचशे-साडेपाचशे शब्दांच्या पुढे नको. तो पाठ करू नका. पाठांतरातला एक शब्द निसटला की पुढचे सगळे वाक्य अडते आणि शाळेतल्या स्पर्धेतला घाम पुन्हा फुटतो. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये पक्की करा, मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. आरशासमोर सराव करण्यापेक्षा घरातल्या एका माणसाला समोर बसवून तीनदा बोला.

आम्हाला पहिल्या पातळीतले सगळ्यात मोलाचे काम वाटते ते मूल्यमापन आणि अभिप्राय यावरचे. त्यात आधी एक भाषण द्यायचे, मिळालेल्या सूचना अमलात आणून पुन्हा एक भाषण द्यायचे (तेच भाषण सुधारून दिले तरी चालते), आणि मग स्वतः दुसऱ्या कुणाचे तरी मूल्यमापन करायचे. अनेकजण आइसब्रेकर देऊन टाळ्या घेतात आणि हे काम पुढे ढकलत राहतात. ढकलू नका. दुसऱ्याच्या भाषणात दीड मिनिटाची फापटपसारा प्रस्तावना दिसली की आपल्या भाषणातलीही दिसायला लागते. त्याआधी टायमर आणि आह-काउंटर या लहान भूमिका एकेकदा करून घ्या. दर सभेला काही ना काही भूमिका घेतली तर पाळीची वाट पाहण्याचा काळ फुकट जात नाही.

भाषेचा प्रश्न राहिला. आपल्याकडचे बहुतेक क्लब इंग्रजीतून चालतात. नोकरीसाठी इंग्रजी सुधारायचे असेल त्याला ते सोयीचेच आहे. पण सरपंच, बचत गटाच्या अध्यक्ष, सोसायटीचे सचिव, शाळेच्या पालक सभेत बोलू पाहणारी आई, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक या सगळ्यांना मराठीतच बोलायचे असते. कुठल्या भाषेतून सभा चालवायची हे ठरवण्याची मोकळीक क्लबाला असते. अट आहे ती नवा क्लब नोंदवताना किमान वीस सभासदांची. वीस माणसे आणि डॉलरमधले शुल्क हे तालुक्याच्या गावाला जड वाटत असेल तर संलग्नतेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. संस्थेचे नाव आणि चिन्ह वापरू नये, पण वेळ मोजून बोलणे आणि एकमेकांचे मूल्यमापन करणे यावर कुणाची मालकी नाही.

गावच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी नव्वद मिनिटांसाठी एक खोली मिळाली, आठ ते बारा माणसे जमली, एक मोबाइल, हिरवा-पिवळा-लाल असे तीन कार्डशीट आणि मूल्यमापनाचा एक पानी कागद असला की सुरुवात होते. पहिली दहा मिनिटे स्वागत आणि भूमिकांची ओळख, तीन भाषणांना पंचवीस, उत्स्फूर्त बोलण्याला वीस, मूल्यमापनांना बारा, अहवाल आणि सभेच्या एकूण मूल्यमापनाला तेरा, उरलेली दहा पुढच्या सभेच्या भूमिका वाटायला. ही शेवटची दहा मिनिटे कधीही कापू नका. भूमिका सभेतच ठरल्या तर लोक येतात; व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोण बोलणार?’ विचारत बसले की ग्रुप गप्प होतो आणि दोन-तीन महिन्यांत उपक्रम बंद पडतो. दुसरे कारण राजकारण. स्थानिक पुढाऱ्याला पाहुणा म्हणून बोलावले की तो चाळीस मिनिटे बोलतो आणि त्या दिवसापासून वेळेची शिस्त संपते. त्यामुळे नियम पहिल्या दिवशीच लिहून भिंतीवर लावा: लाल कार्ड सर्वांना, पाहुण्यांनाही. पक्षाचा प्रचार नाही. उच्चारांवर टिप्पणी फक्त वक्त्याने स्वतः मागितली तरच.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. शहरात ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात व्याख्याने आणि प्रकाशन समारंभ छापून येतात. त्याच सदरात सर्वांसाठी खुल्या असलेल्या वक्तृत्व क्लबांच्या सभांची वेळ, ठिकाण, भाषा आणि ‘पाहुण्यांना विनामूल्य’ एवढी एक ओळ आठवड्यातून एकदा छापावी. आणि जिल्हा आवृत्त्यांतून, ज्या वाचनालयांना संध्याकाळी आठवड्यातून नव्वद मिनिटे खोली देता येईल, त्यांनी आपले नाव आणि सोयीचा वार कळवावा असे आवाहन करावे. मूल्यमापनाचा एक पानी मराठी कागद आणि वर दिलेले नव्वद मिनिटांचे वेळापत्रक छापण्यायोग्य स्वरूपात तयार करून आपल्या कार्यालयाकडे पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले नम्र,
वक्तृत्व क्लबातील काही सभासद, पुणे